जमीन नसलेली चित्रे

करोल बागेत अजमल खान रस्त्याच्या मागल्या अंगाला, बीडनपुऱ्याकडे जाणाऱ्या एका गल्लीत, तसबिरींना चौकटी बसवून देणाऱ्या एका पंजाबी गृहस्थाचे दुकान आहे. दुकान कसले, दोन इमारतींमधली एक फट आहे, आणि त्या फटीत गुरू नानक, शिर्डीचे साईबाबा, वैष्णोदेवी, कुणाचे दिवंगत आजोबा, कुणाच्या सुनेची पदवीदान समारंभातील छबी आणि कुणा निवृत्त अंमलदाराचे मानपत्र अशी सर्व मंडळी काचेची वाट पाहत एकमेकांना पाठ लावून उभी असतात. याच मंडळींत अधूनमधून एखादे लढाऊ विमानही येऊन दाखल होते. दिल्ली हे लष्करी दप्तरांचे शहर असल्यामुळे निवृत्तीनंतर येथेच घर करून राहिलेल्यांची संख्या मोठी, आणि त्यांच्या निरोपसमारंभांत भेट मिळालेली विमानांची चित्रे, दिवाणखान्याचा रंग बदलला किंवा काचेला तडा गेला म्हणजे, या फटीत नव्या चौकटीसाठी येतात. गल्लीच्या तोंडाशी सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूरकडून येऊन सोन्याच्या गलाईचा व्यवसाय करणाऱ्या आपल्या माणसांची दुकाने आहेत. त्यांच्यापैकी एकाकडे चहा घ्यायचा, गावाकडच्या पावसाची चौकशी करायची आणि मग या चौकटवाल्याकडे उगीच डोकवायचे, असा माझा अनेक वर्षांचा शिरस्ता आहे.

तेथे उभ्या-उभ्या जी चित्रे पाहिली, आणि पुढे पुस्तकांतून त्यांच्याच जातीची जी शेकडो पाहिली, त्यांत एक गोष्ट मला फार दिवस खटकत राहिली. या चित्रांना जमीन नसते. देवदेवतांच्या तसबिरींत पायाखाली कमळ असते, वाघ असतो, निदान गालिचा असतो. आजोबांच्या मागे छायाचित्रकाराने रंगविलेला खोटा का होईना पण महाल असतो. विमानांच्या चित्रांत मात्र वर आभाळ, खाली ढग, आणि ढगांच्याही खाली, फारच झाले तर, निळसर धुक्यात विरघळलेली एखादी किनाऱ्याची रेघ. ज्या जमिनीसाठी, आणि जिच्यावर राहणाऱ्या माणसांच्या नावाने, हे सर्व युद्ध चाललेले असते ती चित्रकाराने पार्श्वभूमीच्या रंगात मुरवून टाकलेली असते.

इंग्रजी आणि अमेरिकी मुलखांत विमानचित्रण ही कलेची एक स्वतंत्र शाखाच होऊन बसली आहे. तिचे चित्रकार स्वतंत्र, तिचे ग्राहक स्वतंत्र, आणि चित्राच्या मर्यादित प्रतींवर त्या लढाईतून वाचलेल्या वृद्ध वैमानिकांच्या सह्या घेऊन त्या विकण्याची तजवीजही स्वतंत्र. फ्रँक वूटन हा ब्रिटिश हवाई दलाचा अधिकृत चित्रकार युद्धाच्या अखेरच्या काळात हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवरही येऊन गेला होता. रॉबर्ट टेलरच्या चित्रांनी तर पुढच्या दोन पिढ्यांचे दिवाणखाने सजविले. आमच्या पिढीतल्या मुलांना मात्र ही कला प्रथम भेटली ती प्लास्टिकचे विमान जोडण्याच्या खोक्यावर. गफ्फार मार्केटात परदेशी मालाच्या ढिगाऱ्यात एअरफिक्स कंपनीचे एखादे खोके दिसायचे, आणि त्याच्या झाकणावर रॉय क्रॉसने रंगविलेले, आगीच्या लोळातून तिरपे झेपावणारे विमान पाहून आत निघणाऱ्या राखी तुकड्यांबद्दल जी अपेक्षा निर्माण व्हायची ती कुठल्याच तुकड्यांना पुरी करता येणे शक्य नव्हते. क्रॉसने १९६४ पासून दहाएक वर्षे ही झाकणे रंगविली. आज वाटते, की चित्रकार म्हणून त्याचा हात असा होता, की खेळणे विकत घेणे हे केवळ झाकण मिळविण्याचे निमित्त ठरावे.

या शाखेचे महाकाव्य कोणते, असे कुणी विचारले तर मी किथ फेरिस या अमेरिकी चित्रकाराने वॉशिंग्टनच्या हवाई आणि अंतराळ संग्रहालयासाठी १९७६ साली रंगविलेल्या भित्तिचित्राचे नाव सांगेन. पंचवीस फूट उंच आणि पंचाहत्तर फूट रुंद अशा त्या भिंतीवर ‘थंडर बर्ड’ नावाचे चार एंजिनांचे बी-१७ जातीचे बाँबफेकी विमान जवळजवळ प्रत्यक्षाच्या आकारात आपल्या अंगावर आल्यासारखे उभे आहे. दिवस १५ ऑगस्ट १९४४, स्थळ जर्मनीतील वीसबाडेन नगराजवळचे आभाळ, आणि भोवती जर्मन लढाऊ विमानांचा हल्ला. आभाळ तेथे नुसते निळे नाही. थंडीने गोठलेल्या वाफेच्या पांढऱ्या पट्ट्यांनी ते उभे-आडवे नांगरल्यासारखे झाले आहे आणि त्या पट्ट्यांमध्ये विमानवेधी तोफांच्या गोळ्यांचे काळे बुचके तरंगत आहेत. पत्र्याच्या प्रत्येक सांध्यावरचा उजेड वेगळा, एंजिनाखालच्या तेलाच्या ओघळाची छटा वेगळी. ही मेहनत पाहून नतमस्तक व्हावे, आणि झाल्यावर हळूच विचारावे, की एवढ्या मोठ्या चित्रात माणूस कोठे आहे? तो आहे, काचेच्या घुमटाआड, चामडी टोपी आणि प्राणवायूचा मुखवटा चढवून, चेहरा नसलेला. तसबीर यंत्राची आहे.

चित्रकारावर अन्याय होऊ नये म्हणून त्याची अडचणही नमूद केली पाहिजे. लढाऊ विमान आणि बाँबफेकी विमान यांची झुंज ही मुळातच डोळ्यांना न मानवणारी गोष्ट आहे. बाँबफेके विमान जड, संथ, नेम धरण्यासाठी सरळ रेषेत चालणे भाग असलेले. म्हणून ही विमाने आपली तटबंदी संख्येत शोधतात, एकमेकांच्या वर-खाली-मागे अशी रचना करून उडतात, की एकाच्या तोफांनी दुसऱ्याची पाठ राखावी. लढाऊ विमान हलके. त्याला या तटबंदीत एकच फट पुरते, आणि ती फट साधण्यासाठी ते उन्हाच्या बाजूने, वरून, मागून किंवा अगदी समोरून येते. समोरून आले तर दोघांचे वेग एकमेकांत मिळून जे घडायचे ते दोन-तीन श्वासांत घडून जाते. ब्रिटनच्या रक्षणासाठी लढलेल्या हरिकेन आणि स्पिटफायर या विमानांत आठ मशीनगनांचा दारूगोळा सुमारे पंधरा सेकंदांपुरता असे; म्हणजे ज्या युद्धावर आजवर ग्रंथालये भरली ते एकेका वैमानिकाच्या वाट्याला पाव मिनिटाच्या हप्त्यांनी आले. त्यातही एकमेकांपासूनचे अंतर दोनशे-तीनशे मीटर. तेवढ्या अंतरावरचे विमान कागदावर प्रामाणिकपणे काढले तर ते माशीएवढे दिसेल, आणि माशीचे चित्र विकत घेऊन कोणी दिवाणखान्यात लावणार नाही. तेव्हा चित्रकार अंतर आटवतो, वेळ गोठवतो, आणि जेथे कोणताही डोळा असणे शक्य नव्हते अशा जागी, दोन विमानांच्या मधोमध, शांत उजेडात, आपल्याला नेऊन उभे करतो. या लबाडीला माझी हरकत नाही. रणांगणाचे चित्र काढणाऱ्या प्रत्येकाने ती केली आहे. हरकत आहे ती एवढीच, की ही लबाडी नेहमी एकाच बाजूने, म्हणजे वरून, होत आली.

काही वर्षांपूर्वी त्याच दुकानात आपले नॅट आणि पाकिस्तानी सेबर या लढाऊ विमानांच्या झुंजीचे एक चित्र आले होते. काठाला सोनेरी पट्टीची चौकट बसवायची होती, आणि ते चित्र घेऊन आले होते देवनगरात मुलाकडे राहणारे, मूळचे सातारा भागातले, हवाई दलातून निवृत्त झालेले एक वयोवृद्ध गृहस्थ. मराठी ऐकू येताच ओळख झाली. ते वैमानिक नव्हते. विमानांच्या तोफांची निगा राखणाऱ्या तुकडीतले, म्हणजे आर्मामेंट फिटर. नातवाने वाढदिवसाला दिलेले चित्र, त्यामुळे चेहऱ्यावर कौतुक होतेच, पण त्या कौतुकाखाली एक अस्वस्थ कारागीरही चुळबुळत होता. शेवटी त्यांच्याने राहवले नाही.

“अहो, टाक्या बघा की,” पंखांखाली बोट नेत ते म्हणाले, “जादा तेलाच्या टाक्या पोटाशी धरून कुणी लढतंय व्हय? झुंज लागायच्या आधी टाकून द्यायच्या असतात त्या. आणि तोफेचं तोंड बघा. नॅटची तोफ हितं असते, हवा आत घेती त्या ओठाशी. एकदा वाजली का हे समदं काळं पडतं. ह्यानं कसं चांदीवानी ठिवलंय.”

“मग अण्णा, तुम्ही प्रत्यक्ष झुंज पाहिलीत का कधी?” मी विचारले.

“मी कुठनं बघणार? माझी झुंज म्हंजे वही. विमान उतरलं का कप्पे उघडायचे, उरलेल्या गोळ्या मोजायच्या, वहीत भरायच्या, सही घ्यायची. एका तोफेला एकशे पंधरा गोळ्या, तोफा दोन. बटण धरून ठिवलं तर पाच-सहा सेकंदात खलास. मधीच अडकली तर तेवढ्या बी न्हाईत. किती उरल्या त्यावरनं आम्हाला कळायचं वर काय झालं असंल ते.”

चौकटवाल्याला मराठी कळत नव्हते, पण चित्रात काहीतरी खोट निघाली आहे आणि आता गिऱ्हाईक काम रद्द करील की काय, अशी शंका त्याला आली असावी, कारण त्याने लगेच पट्टीच्या भावात सूट जाहीर केली. अण्णांनी सूट घेतली. चित्र जसेच्या तसे मढवायला सांगितले. नातवाने दिलेले होते.

त्या वहीचा विचार मी पुढे पुष्कळ केला. आकाशातील युद्धाचा खरा दाखला म्हणून मागे काय उरते? एक तर उरलेल्या गोळ्यांची अशी नोंद, आणि दुसरे म्हणजे तोफेला जोडलेल्या कॅमेऱ्याची फीत. २२ नोव्हेंबर १९७१ रोजी, म्हणजे युद्ध रीतसर जाहीर होण्यापूर्वीच, बंगालच्या सरहद्दीवर बोयरा गावाच्या आभाळात डमडमहून उडालेल्या चार नॅट विमानांनी पाकिस्तानी सेबर विमानांना गाठले. मॅसी, गणपती आणि लाझारस या तिघा वैमानिकांना त्याबद्दल वीरचक्र मिळाले. झुंजीची कॅमेऱ्यातली चित्रे तेव्हा वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली होती. राखी, थरथरलेली, दाणेदार. मध्ये एक डाग, डागातून निघालेला एक फराटा. कुणी समजावून दिल्याशिवाय ते विमान आहे हे उमगू नये, आणि तरीही पाहणाऱ्याच्या पोटात खड्डा पडावा, कारण ती फीत त्या गोळीच्याच डोळ्याने पाहिलेली होती. आपल्या बाजूचा दावा तीन सेबर पाडल्याचा; पाकिस्तानची कबुली दोनांची, आणि तिसरे जखमी अवस्थेत ढाक्याला परतल्याचे त्यांचे म्हणणे. दप्तरातल्या कैफियतीत असा मतभेद दोन रकान्यांत शेजारी-शेजारी नांदू शकतो, पण बोयराचे चित्र रंगवायला बसलेल्याला तिसऱ्या विमानाच्या शेपटीला धूर लावायचा की नाही, याचा निकाल ब्रश बुडविण्यापूर्वीच द्यावा लागतो. चित्राला तळटीप नसते. आणि एक गोष्ट तर दोन्ही पक्षांना मान्य असूनही माझ्या पाहण्यातल्या एकाही चित्रात आली नाही: पडलेल्या विमानांतले दोन वैमानिक हवाई छत्रीने खाली, हिंदुस्थानी फौजेच्या हाती उतरले, आणि त्यांतले एक, परवेझ मेहदी कुरेशी, पुढे १९९७ साली पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले. आकाशात ज्याला शत्रू म्हणून पाडले तो खाली उतरताच भेदरलेला, जखमी, नाव-गाव असलेला तरुण होतो. त्याच क्षणी विमानचित्रकाराचा त्याच्यातला रस संपतो.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात करोल बागेत आम्ही जे युद्ध पाहिले ते काळ्या कागदाचे होते. खिडक्यांच्या तावदानांवर तपकिरी कागदाच्या पट्ट्या फुलीसारख्या चिकटविलेल्या, दिव्याभोवती पुठ्ठ्याचे नळकांडे, मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगविलेला. भोंगा झाला की शेजारचे सरदारजी गच्चीवर जाऊन कुणाच्या घरातून उजेड झिरपतो आहे याचा तपास करीत आणि त्या घराच्या मालकाचा सर्व गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात उद्धार करीत. दिल्लीवर बाँब पडला नाही. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी अमृतसर, पठाणकोट, श्रीनगर, अंबाला या तळांवर हल्ले चढविले आणि त्यांतली बाँबफेकी विमाने पार आग्र्यापर्यंत येऊन गेली, ही बातमी मात्र दुसऱ्या दिवशी दुधाच्या रांगेत आमच्यापर्यंत पोहोचली; चांदण्यात ताजमहाल चमकू नये म्हणून त्याच्यावर आच्छादन घालण्याचा हुकूम निघाला आहे, हेही तेथेच कळले. दिल्लीपासून आग्रा दोनशे किलोमीटर, म्हणजे जेट विमानाला चहा पिण्याइतकाही वेळ नको, हा हिशेब माझ्या वडिलांनी कारकुनी तत्परतेने पाकिटाच्या मागे करून दाखविला होता, आणि आईने तो हिशेब फाडून बंबात टाकला होता. त्या अंधारात कान आभाळाला लावून बसलेल्या माणसाला विमान दिसत नाही. त्याला फक्त एक घरघर ऐकू येते, आणि ती आपली की परकी हे ठरविण्याचे कोणतेच साधन त्याच्यापाशी नसते.

आमच्या घरात त्या वेळी भिंतीवर रविवर्म्याच्या छापखान्यातले एक जुने चित्र होते. वडिलांची बदली पुण्याहून दिल्लीला झाली तेव्हा भांड्यांच्या पेटीत गोधडीत गुंडाळून ते आणलेले. कागद पिवळा पडलेला, एका कोपऱ्याला कसर लागलेली. चित्र जटायुवधाचे. याचे मूळ म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील संग्रहात आहे, पण लोणावळ्याजवळच्या मळवलीच्या छापखान्यातून निघालेल्या रविवर्म्याच्या प्रतींनी महाराष्ट्रातली किती घरे पावन केली याची मोजदाद कुणी केली नसेल. रावणाने एका हाताने सीतेला कवेत आवळले आहे, दुसऱ्या हातातील खड्ग उगारले आहे, आणि पंख छाटला गेलेला तो विराट पक्षी कोसळतो आहे. लहानपणी मला त्यात रस वाटायचा तो अर्थातच खड्गाचा आणि तुटलेल्या पंखाचा. पुष्कळ वर्षांनी, विमानांची चित्रे पाहून पाहून नजर बधिर झाल्यावर, मी ते चित्र पुन्हा पाहिले, आणि प्रथमच माझे लक्ष सीतेकडे गेले. तिने हाताने तोंड झाकून घेतले आहे.

हिंदुस्थानी चित्रकलेतील आकाशयुद्धाचे यापेक्षा प्रसिद्ध चित्र मला ठाऊक नाही, आणि गंमत अशी की त्याची मांडणी अगदी आजच्या विमानचित्रासारखीच आहे: जड, बलाढ्य, लूट घेऊन सरळ निघालेला एक, आणि त्याच्यावर झेप घेणारा चपळ पण दुबळा दुसरा. वाल्मीकीने ही झुंज सांगताना तपशिलात कसूर केलेली नाही; म्हाताऱ्या जटायूने रावणाचे धनुष्य मोडले, रथ मोडला, रथाची जनावरे मारली, आणि मगच तो थकला व छाटला गेला. पण झुंज संपल्यावर कवी वर आभाळात रेंगाळत नाही. जटायू जमिनीवर पडतो, प्राण धरून राहतो, आणि रामासमोर आपली जबानी देऊन मगच सोडतो. सीता आकाशमार्गे नेली जात असता खाली पर्वतावर बसलेले पाच वानर तिला दिसतात, आणि ती आपले दागिने उत्तरीयात बांधून त्यांच्यात टाकते. पुढचा सगळा शोध त्या खाली पडलेल्या गाठोड्यातून सुरू होतो. म्हणजे आकाशातली घटना जमिनीवरच्या साक्षीदारांवाचून पुरी होत नाही, हे त्या आदिकवीला पुरते ठाऊक होते. रविवर्म्याने तर साक्षीदार चित्राच्या आतच घेतला, आणि त्या साक्षीदाराला पाहवत नाही हेही दाखविले. फेरिसच्या पंचाहत्तर फुटांत तोंड झाकायला एकही माणूस नाही.

आपल्याकडच्या वीरगळांची आठवण येथे होणे स्वाभाविक आहे. सह्याद्रीच्या कुठल्याही जुन्या देवळाच्या आवारात पाहा: दगडाच्या खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा आणि चंद्रसूर्य. दगड खालून वर वाचायचा. विमानयुद्धाच्या चित्रकाराने वरचीच चौकट उचलली आणि लढाई तेथे भरविली. त्यामुळे त्याच्या वीराला मरून वर जायला जागा उरली नाही, आणि खाली पडायलाही.

या नियमाला अपवाद म्हणून मी पॉल नॅशकडे वळतो. हा ब्रिटिश चित्रकार दम्याने जर्जर. पहिल्या महायुद्धातल्या चिखलाची चित्रे काढून नावारूपाला आलेला. १९४० साली त्याला हवाई मंत्रालयाकडे युद्धचित्रकार म्हणून नेमले, पण मंत्रालयाला हव्या होत्या त्या वैमानिकांच्या रुबाबदार तसबिरी, आणि हा गृहस्थ काढीत बसला पडलेल्या विमानांचे सांगाडे. नेमणूक फार दिवस टिकली नाही. ब्रिटनच्या आकाशयुद्धावरचे त्याचे १९४१ चे चित्र पाहताना आधी दिसते ती वळणे घेत समुद्राला मिळणारी नदी, किनारा, तरंगते फुगे, आणि मग वर आभाळात वाफेच्या पांढऱ्या रेघांची फुलासारखी उमललेली गुंतागुंत. विमाने मुंगीएवढी. ऑक्सफर्डजवळच्या काउली येथे जर्मन विमानांच्या मोडीचा जो डोंगर साचला होता त्याचे त्याने चांदण्यातले चित्र केले, ‘मृत सागर’ नावाचे. पंख आणि शेपट्यांच्या लाटा वाळूवर येऊन थबकल्या आहेत आणि वर एक घुबड उडते आहे. विमानप्रेमी मंडळींना नॅश फारसा रुचत नाही, कारण त्याच्या चित्रावरून विमानाची जात ओळखता येत नाही. आमच्या अण्णांनाही तो रुचला नसता. पण अण्णांची वही आणि नॅशची मोड या दोन्ही एकाच बाजूच्या गोष्टी आहेत, असे मी त्यांना पटवून देण्याचा प्रयत्न नक्कीच केला असता.

रात्रीच्या झुंजी तर चित्रकाराच्या हातातून पार निसटल्या. २० डिसेंबर १९४२ पासून जपानी विमाने कलकत्त्यावर रात्री येऊ लागली आणि शहर अर्धे रिकामे झाले. जानेवारीत रडार बसविलेली ब्यूफायटर विमाने तेथे तैनात झाली आणि प्रिंग नावाच्या एका ब्रिटिश सार्जंटने १५ जानेवारीच्या रात्री एकट्याने तीन बाँबफेकी विमाने पाडली. त्याला दिसले काय असेल? काळोखात एंजिनाच्या धुराड्याची एक लालसर ठिणगी. यावर चित्र काढायचे म्हटले तर काळा रंग पुष्कळ लागेल. १९४३ च्याच डिसेंबरात दिवसाढवळ्या झालेल्या हल्ल्यात प्रिंग मारला गेला, आणि त्याच हल्ल्यात खिदिरपूरच्या गोदीवर काम करणारे शेकडो मजूर मेले. प्रिंगचे नाव निदान हवाई युद्धाच्या इतिहासात सापडते.

आपल्या मराठी माणसांची हजेरीही या आभाळात आहे, आणि ती सुरुवातीपासून आहे, हे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात जे चार हिंदी तरुण लढाऊ वैमानिक झाले त्यांत इंद्रलाल रॉय, हरदितसिंग मलिक आणि सेन यांच्या जोडीला मुंबईचा श्रीकृष्ण वेलिणकर हा चौथा होता. तो डॉल्फिन जातीचे विमान उडवी, जून १९१८ च्या अखेरीस गस्तीवरून परतला नाही, आणि जखमी अवस्थेत शत्रूच्या हाती लागून मरण पावला. फ्रान्समध्ये सोम प्रांतातील हँगार्ड येथे त्याची कबर आहे. रॉयची तसबीर टपाल तिकिटावर आली. वेलिणकर कुणी रंगविला असेल तर माझ्या पाहण्यात नाही. पुढे ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढलेले आणि काश्मीरच्या पहिल्या युद्धात महावीरचक्र मिळविलेले हृषीकेश मुळगावकर १९७६ साली हवाई दलाचे प्रमुख झाले. ज्या वर्षी ते प्रमुख झाले त्याच वर्षी रघुवीर मुळगावकर हे आपले लाडके चित्रकार निवर्तले, ज्यांनी रंगविलेल्या देवदेवता आणि रमणी मराठी दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर वर्षानुवर्षे झळकल्या. एक मुळगावकर आभाळात आणि एक मुळगावकर रंगांत. या दोघांची गाठ कुठल्या संपादकाने घालून दिली असती तर मराठीला एक अद्वितीय विमानचित्र मिळाले असते, आणि त्यात ढगांवर एखादी अप्सरा नक्की बसलेली असती. मला ते चालले असते.

हल्ली आपल्याकडेही चांगले विमानचित्रकार आहेत. ग्रुप कॅप्टन देब गोहाईं यांच्यासारखे, हवाई दलाचे जीवन आतून जाणणारे. त्यांच्या हातून टाकीची चूक होणार नाही. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरच्या धावपट्टीवर बाँब पडत असतानाच नॅट घेऊन उडालेले आणि सहा सेबर विमानांशी झुंजत पडलेले निर्मलजितसिंग सेखों, हवाई दलाचे एकमेव परमवीरचक्रधारी, हा अनेकांचा आवडता विषय. साहजिक आहे. पण मला कुणी चित्र सांगून करवून घेण्याची ऐपत दिली तर मी सेखोंचे सांगणार नाही, कारण ते इतरांनी सांगितलेले आहे. मी कानपूरचे सांगेन.

पालमच्या हवाई दल संग्रहालयात गेलात तर उघड्या अंगणात चार एंजिनांचे एक लिबरेटर उभे असलेले दिसेल. हे फेरिसच्या ‘थंडर बर्ड’च्या जोडीचे अमेरिकी बाँबफेके विमान. जपान्यांविरुद्ध लढण्यासाठी ही विमाने हिंदुस्थानात आली, आणि युद्ध संपल्यावर, करारानुसार कुणाला वापरता येऊ नयेत म्हणून, कानपूरच्या मैदानात त्यांची मुद्दाम मोडतोड करून ती टाकून देण्यात आली. फाळणीनंतर काश्मीर पेटले, नव्या देशाला बाँबफेकी विमाने हवी होती, आणि ती कुणी विकत द्यायला तयार नव्हते. तेव्हा हिंदुस्थान एअरक्राफ्ट या कंपनीची माणसे त्या उकिरड्यात उतरली. एकाचा पंख, दुसऱ्याचे चाक, तिसऱ्याचे एंजिन असे जुळवून एकेक विमान जेमतेम उडण्याजोगे करायचे, आणि मग जमशेद मुन्शी या त्यांच्या वैमानिकाने ते तसेच, खुळखुळत, बंगळूरला नेऊन पोहोचवायचे, असा तो कारभार. १९४८ च्या नोव्हेंबरात पहिली विमाने हवाई दलाच्या हवाली झाली. एकूण चाळीसहून अधिक उभी राहिली, आणि १९६८ पर्यंत, म्हणजे जगातल्या बाकी सर्वांनी लिबरेटरला इतिहासजमा केल्यावरही, समुद्रावर गस्त घालीत राहिली. त्यांतलीच काही पुढे ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडाच्या संग्रहालयांनी मागून नेली, कारण त्यांच्या स्वतःपाशी धड अशी फारशी उरलेली नव्हती.

त्या कानपूरच्या मैदानाचे चित्र हवे. चिखल असावा, पंख तुटलेली पाचपन्नास विमाने असावीत, आणि त्यांच्या पोटात शिरून पान्याने काहीतरी सोडवीत असलेली, तेलाने माखलेली, चेहरे स्पष्ट दिसणारी माणसे असावीत. आभाळ वरच्या कडेला दोन बोटे पुरे. चौकटवाल्याला मी हे एकदा बोलून दाखविले, तर तो म्हणाला की असले चित्र खपणार नाही, पण कुणी काढून आणले तर लाकडी चौकट लावा, सोनेरी नको.